लिनक्ससाठी नेटवर्क कार्ड घेताना : खोक्यावरचे नाव नव्हे, आतली चिप पाहा

घरात किंवा कार्यालयात आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि अजूनही ठणठणीत चालणाऱ्या संगणकाचे आता करायचे काय, हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ नंतर अनेकांपुढे उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित साह्य थांबवले. 'विंडोज ११'साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर यांपैकी काही ना काही या जुन्या यंत्रांत नसते. अशा वेळी उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा फेडोरा यांसारख्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीकडे वळणे हा बिनखर्चाचा मार्ग ठरतो. निदान तो तसा सांगितला जातो.

प्रत्यक्षात अडते ते एका लहानशा वस्तूपाशी. लिनक्स बसवून होते, पडदा स्वच्छ दिसतो, आवाज येतो, मराठी अक्षरेही नीट उमटतात. इंटरनेट मात्र काही केल्या जोडले जात नाही. कारण शोधू जाता कळते, की संगणकातील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कार्यप्रणालीसोबत आलेला नाही, तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागेल. विहिरीत पडलेला दोर काढण्यासाठी दोरच हवा असावा, तशी ही गत. मग बाजारातून पाच-सातशे रुपयांचे नवे कार्ड किंवा वायफायचे डोंगल आणले जाते आणि तेही चालत नाही, तेव्हा दोष लिनक्सच्या माथी मारून जुना संगणक भंगारात काढला जातो.

हा प्रकार टाळता येतो. त्यासाठी महागडे कार्ड घेण्याची मुळीच गरज नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे 'लॅन कार्ड' या नावाने मागितल्यास जी स्वस्त कार्डे समोर ठेवली जातात, त्यांतील बहुतेक तारेची कार्डे लिनक्सवर विनातक्रार चालतात. अडचण आहे ती वायफायची, आणि तिथेही थोडी चौकशी पुरते. फक्त चौकशी योग्य गोष्टीची व्हावी लागते.

नाव एक, पोटात दुसरेच

नेटवर्क कार्डाच्या खोक्यावर ज्या कंपनीचे नाव असते, ती कंपनी बहुधा त्यातील मुख्य चिप बनवत नाही. चिप असते रिअलटेक, इंटेल, ब्रॉडकॉम, मीडियाटेक किंवा क्वालकॉमची. डी-लिंक, टीपी-लिंक यांसारख्या कंपन्या ती विकत घेऊन तिच्याभोवती कार्ड उभे करतात. कार्यप्रणालीला या खोक्यावरच्या नावाशी कर्तव्य नसते. तिचा संवाद चिपशी असतो आणि ड्रायव्हरही त्या चिपचा असतो. त्यामुळे 'अमुक कंपनीचे कार्ड लिनक्सवर चालते का' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. 'या कार्डात चिप कोणती' असे विचारायला हवे.

प्रश्न एवढ्यावर सुटला असता तरी बरे झाले असते. पण एकाच नावाच्या कार्डात कंपन्या वेळोवेळी चिप बदलतात. टीपी-लिंकचे 'टीएल-डब्ल्यूएन७२२एन' हे डोंगल याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची 'एआर ९२७१' ही चिप होती. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असल्याने हे डोंगल खोचताक्षणी चालू होई आणि त्यामुळे जाणकारांत त्याचे नाव झाले. पुढे दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात रिअलटेकची 'आरटीएल ८१८८ ईयूएस' ही चिप बसवली गेली. नाव तेच आणि रूपही जवळपास तेच राहिले. जुनी शिफारस वाचून नवे डोंगल विकत घेणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच फसगत झाली. या चिपसाठीचा ड्रायव्हर बरीच वर्षे लिनक्सच्या कच्च्या, प्रायोगिक विभागात पडून होता. अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुख्य प्रवाहातील 'आरटीएल८एक्सएक्सएक्सयू' या ड्रायव्हरखाली आली.

ही क्लृप्ती आजची नाही. वीसेक वर्षांपूर्वी लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसणारी डी-लिंकची 'डीडब्ल्यूएल-६५०' आणि 'डीडब्ल्यूएल-६५०+' अशी दोन वायफाय कार्डे मिळत. पहिल्यात प्रिझम चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चाले. दुसऱ्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप होती. तिच्यासाठी स्वयंसेवकांना उलटतपासणी करत, म्हणजे चिपचे वागणे निरखून तिची भाषा ओळखत, ड्रायव्हर तयार करावा लागला. दोन कार्डांच्या नावांत फरक एका अधिक चिन्हाचा!

म्हणूनच खरेदी करताना नावाइतकेच महत्त्व आवृत्तीच्या अंकाला द्यावे लागते. हा अंक खोक्यावरील किंवा वस्तूच्या मागील चिकटपट्टीवर, अनुक्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेला असतो. ऑनलाइन खरेदीत तो क्वचितच दाखवला जातो. दुकानात जाऊन घेण्याचा हा एक फायदाच म्हणावा लागेल.

ड्रायव्हर कोठून येतो?

विंडोजच्या जगात कार्ड बनवणारी कंपनी ड्रायव्हर देते. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये असतात आणि कर्नलसोबतच त्यांची देखभाल होते. (लष्करातील कर्नलसाहेबांशी या शब्दाचा संबंध नाही.) ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला, तिच्या मालकाला पुढे फारसे काही करावे लागत नाही. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली की ड्रायव्हरही तिच्याबरोबर येतो. चिप बनवणाऱ्या कंपनीने लक्ष काढून घेतले तरी कार्ड निरुपयोगी होत नाही. जुन्या संगणकांना लिनक्सवर दुसरे आयुष्य मिळते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

याउलट ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलबाहेर राहतो, तिच्या मालकाच्या मागे कायमचे शुक्लकाष्ठ लागते. ड्रायव्हरचा मूळ संकेत उतरवून घ्या, तो आपल्या संगणकावर बांधून घ्या, कर्नल अद्ययावत झाले की पुन्हा बांधा. हे काम आपोआप करणारी 'डीकेएमएस' नावाची सोय आहे खरी, पण नव्या कर्नलशी जुन्या संकेताचे जमले नाही तर तीही हात टेकते. संगणकात 'सिक्युअर बूट' सुरू असेल, तर अशा ड्रायव्हरवर स्वतःची डिजिटल स्वाक्षरी नोंदवण्याचा आणखी एक सोपस्कार उरतो. अनेक स्वस्त डोंगलांच्या खोक्यावर 'लिनक्सवर चालते' असे छापलेले असते आणि आत एक चकतीही असते. त्या चकतीतील संकेत बरेचदा कैक वर्षांपूर्वीच्या कर्नलसाठी लिहिलेला असतो. छापलेले वाक्य खोटे नसते, पण आजच्या ग्राहकाला त्याचा उपयोगही नसतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, त्यानंतरच्या पहिल्या दशकातील अनेक नेटवर्क ड्रायव्हर डोनाल्ड बेकर या एका अभियंत्याच्या हातचे आहेत. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ संगणक एकमेकांना जोडून 'बेओवुल्फ' हा संगणकसमूह उभारला. महासंगणकाचे काम स्वस्तात करून घेण्याचा तो प्रयत्न होता. त्यासाठी लागणारी नेटवर्क कार्डे साधी, बाजारातलीच होती आणि त्यांना राबवणारे ड्रायव्हर बेकर यांनी स्वतः लिहिले. स्वस्त कार्ड आणि चांगला ड्रायव्हर ही जोडी लिनक्सच्या वाढीत अशी मुळापासून आहे.

त्या काळात 'एनई २०००' या कार्डाच्या नकला सर्वत्र विकल्या जात. नॉव्हेल कंपनीच्या मूळ कार्डाची रचना सर्वज्ञात असल्याने ज्याला त्याला ती बनवता आली. पाठोपाठ रिअलटेकची 'आरटीएल ८१३९' ही सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची चिप आली आणि तिने बाजार व्यापला. भारतात २००० च्या दशकात असेंबल्ड संगणकांत बसवले गेलेले लॅन कार्ड पाहिले, तर तिच्यावरील खेकड्याचे चिन्ह हमखास सापडते. हा खेकडा म्हणजे तैवानच्या रिअलटेकची ओळख. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीसाठी १९९८ च्या सुमारास या चिपचा ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या संकेतातच तिच्याबद्दल अत्यंत कडवट शेरे लिहून ठेवले आहेत. त्यांचा राग अनाठायी नव्हता. आलेले प्रत्येक पॅकेट एका जागेतून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याचे काम ही चिप संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलत असे. कार्ड स्वस्त पडे, कारण कष्ट दुसरा करी. तरीही तिचा ड्रायव्हर सर्वत्र उपलब्ध होता, म्हणून ती चालली आणि अजूनही कुठे कुठे चालते आहे.

तारेचे कार्ड : येथे फारशी भीती नाही

आज तारेने जोडायचे कार्ड घ्यायचे असेल, तर निवड सोपी आहे. रिअलटेकच्या 'आरटीएल ८१११' किंवा 'आरटीएल ८१६८' या चिपचे, सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. टीपी-लिंकचे 'टीजी-३४६८' हे त्यांतलेच एक. या चिपचा 'आर८१६९' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये वर्षानुवर्षे आहे. घरातील ब्रॉडबँड, चित्रपट पाहणे, कार्यालयातील फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणे यांसाठी याहून अधिक काही लागत नाही. दुकानात अजूनही १०० मेगाबिटची जुनी कार्डे दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त म्हणून पुढे केली जातात. ती घेऊ नयेत. अशा कार्डातून प्रत्यक्षात ९४ मेगाबिटच्या आसपासच वेग मिळतो. ब्रॉडबँडची योजना त्याहून वेगवान असेल, तर दरमहा भरलेले पैसे या एका कार्डापाशी अडून राहतात.

इंटेलच्या कार्डांना जाणकार अधिक पसंती देतात आणि त्यात तथ्य आहे. इंटेल आपल्या चिपचे ड्रायव्हर स्वतः कर्नलमध्ये दाखल करते. कामाचा भारही ही चिप बऱ्यापैकी स्वतः उचलते. नवे इंटेल कार्ड महाग असले तरी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेली सेकंड-हँड कार्डे कमी किमतीत मिळतात. '८२५७४ एल' चिपचे एका जोडणीचे किंवा 'आय ३५०' चिपचे दोन-चार जोडण्यांचे कार्ड त्यात हाती लागू शकते. जुन्या संगणकाचा फायरवॉल करू पाहणाऱ्यांनी, विशेषतः फ्रीबीएसडीवर आधारलेली प्रणाली वापरणाऱ्यांनी, असेच कार्ड शोधावे, कारण त्या प्रणालीत रिअलटेकचा अनुभव लिनक्सइतका समाधानकारक नाही. मात्र 'आय ३५०' ची बनावट कार्डे बाजारात बरीच आहेत. अगदीच पडत्या दरात 'कोरे करकरीत इंटेल' कोणी देऊ लागला, तर संशय घ्यावा.

इंटेल म्हणजे निर्धोक, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्या काहींच्या संगणकांतील इंटेलची नेटवर्क चिप अचानक मुकी झाली. तिच्यावरील कायमस्वरूपी स्मृतीत लिहिलेली माहितीच पुसली गेली होती. नुसता ड्रायव्हर बदलून ही चिप दुरुस्त होत नव्हती. प्रथम संशय 'ई१०००ई' या नेटवर्क ड्रायव्हरवर गेला. खरा दोष निघाला तो कर्नलच्या कामाचा माग ठेवणाऱ्या 'एफट्रेस' या अगदी वेगळ्या भागात. तो नको तेथे लिहीत होता आणि ती जागा नेमकी या चिपच्या वाट्याची होती. ऑक्टोबरमध्ये दोष बंदिस्त झाला आणि त्या स्मृतीला कुलूपही लागले. पुढे २०२० च्या सुमारास आलेल्या 'आय २२५' या २.५ गिगाबिट चिपच्या आरंभीच्या नगांमध्येही दोष होता आणि काही स्विचना जोडल्यास पॅकेट गळत असत. तो हार्डवेअरचा दोष असल्याने कोणत्याच कार्यप्रणालीला त्यावर पुरता इलाज करता आला नाही. इंटेलने नंतरच्या नगांत तो सुधारला.

२.५ गिगाबिटचेच कार्ड हवे असेल, तर रिअलटेकची 'आरटीएल ८१२५' स्वस्त पडते. तिचा ड्रायव्हर २०१९ च्या ५.४ या कर्नलपासून उपलब्ध आहे. पण येथे संगणकाचे वय आड येते. पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीतील एकेरी खाच सेकंदाला २५० मेगाबाइट इतकीच माहिती वाहू शकते. २.५ गिगाबिटला त्याहून अधिक, सुमारे ३१२ मेगाबाइट लागतात. अशा खाचेत नवे कार्ड बसेल, चालेलही, पण पैसे पूर्ण वसूल होणार नाहीत.

खाचेसंबंधी आणखी एक बाब दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. कार्यालयांतून निघालेले, रिफर्बिश्ड म्हणून विकले जाणारे डेस्कटॉप अनेकदा बारीक अंगाचे असतात. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. कार्डासोबत आखूड पत्री मिळते का, हे आधी पाहावे. ती नसेल तर कार्ड कितीही चांगले असले तरी खोक्याचे झाकण लागत नाही. त्याचप्रमाणे चार जोडण्यांचे सर्व्हर कार्ड लांब खाच मागते. साध्या मदरबोर्डवर अशी खाच बहुधा एकच असते आणि तीत ग्राफिक्स कार्ड ठाण मांडून असते.

लॅपटॉपसाठी यूएसबीतून निघणारी तारेची जोडणी घेता येते. 'आरटीएल ८१५३' किंवा एसिक्सची 'एएक्स ८८१७९' या गिगाबिट चिप लिनक्सला परिचित आहेत. शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या बिननावाच्या जोडण्यांपासून दूर राहिलेले बरे. त्यांतील काही यूएसबीच्या जुन्या, १२ मेगाबिटच्या वेगानेच चालतात.

वायफायची अवघड वाट

तारेच्या कार्डात जे सोपे, ते वायफायमध्ये इतके अवघड का झाले, हे समजून घेतल्यास निवड करताना मदत होते. वायफाय कार्ड हे मुळात रेडिओ आहे. त्याने कोणत्या लहरींवर आणि किती ताकदीने बोलावे, याचे नियम देशोदेशीच्या सरकारांनी घालून दिले आहेत. ड्रायव्हरचा संकेत खुला केला तर कोणीही हे नियम मोडू शकेल, असे कारण देत अनेक कंपन्यांनी २००० च्या दशकात चिपची माहिती कुलपात ठेवली. अथेरॉसच्या चिपसाठी लिनक्सवर 'मॅडवायफाय' नावाचा ड्रायव्हर होता, पण त्याचा कळीचा भाग बंद होता. कॅनडातून थिओ डी राट यांच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या ओपनबीएसडी प्रकल्पाने हे मान्य केले नाही. त्यांनी चिपचे वागणे अभ्यासून खुला पर्याय लिहिला आणि त्याच कामावर पुढे लिनक्सचा 'एटीएच५के' उभा राहिला. अखेर जुलै २००८ मध्ये अथेरॉसने आपल्या नव्या चिपसाठी 'एटीएच९के' हा खुला ड्रायव्हर स्वतःहून प्रसिद्ध केला.

ब्रॉडकॉमची कथा अधिक लांबली. तिच्या चिप त्या काळी असंख्य लॅपटॉपांत होत्या आणि लिनक्ससाठी कंपनीकडून खुला ड्रायव्हर नव्हता. लोक 'एनडीआयएसरॅपर' नावाच्या युक्तीने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये घुसवत. ती चालली तर चालली, नाही तर संगणक गोठे. उलटतपासणीतून सिद्ध झालेला 'बीसीएम४३एक्सएक्स' हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला, तरी त्याला लागणारे फर्मवेअर विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे. त्यासाठी 'फर्मवेअर कटर' नावाचे खास साधनच होते. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. जुन्या चिपच्या मालकांना मात्र फर्मवेअरची खटपट चुकली नाही. आजही जुना लॅपटॉप लिनक्सवर आणताना आत ब्रॉडकॉम निघाली, तर मनाची थोडी तयारी ठेवावी.

फर्मवेअर म्हणजे कार्डावरील चिमुकल्या प्रोसेसरने चालवायची आज्ञावली. ड्रायव्हर संगणकात चालतो, फर्मवेअर कार्डात. बहुतेक वायफाय चिपना ते सुरू होताना कार्यप्रणालीकडून पुरवावे लागते आणि ते मुक्त परवान्याचे नसते. तत्त्वाला जपणाऱ्या डेबियनने २०११ च्या ६.० या आवृत्तीत असे फर्मवेअर कर्नलमधून वेगळे काढले. तत्त्व टिकले, पण नवख्यांचे वायफाय बंद पडले. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून भूमिका बदलली आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन प्रतीतच मिळू लागले. त्यामुळे जुनी चकती किंवा जुनी प्रत वापरून लिनक्स बसवणाऱ्यांना येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याचशा केवळ नवी प्रत घेतल्याने सुटतात. कार्ड बदलण्यापूर्वी हे करून पाहण्यात पैसा जात नाही.

आता निवडीकडे. लॅपटॉपमधील किंवा मदरबोर्डवरील एम.२ खाचेत कार्ड बसवता येत असेल, तर इंटेलचे 'एएक्स २००' किंवा 'एएक्स २१०' डोळे मिटून घ्यावे. पहिल्याला ५.१ आणि दुसऱ्याला ५.१० किंवा त्यानंतरचे कर्नल लागते, आणि आजच्या कोणत्याही प्रमुख लिनक्समध्ये ते असतेच. पण 'एएक्स २०१' आणि 'एएक्स २११' या जवळच्याच क्रमांकांनी फसू नये. या कार्डांचे निम्मे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांतच होते. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल संगणकात ती बसतील, पण चालणार नाहीत. शेवटच्या एका आकड्यावर सगळे अवलंबून आहे आणि विक्रेते हा फरक नेहमी सांगतातच असे नाही.

यूएसबी डोंगल हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा पर्याय. बाजारातील स्वस्त डोंगलांत रिअलटेकचे राज्य आहे. तिच्या अनेक चिपचे ड्रायव्हर वर्षानुवर्षे कर्नलबाहेर, स्वयंसेवकांच्या भरवशावर चालत आले. परिस्थिती २०२३ पासून सुधारली. फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ या कर्नलपासून 'आरटीडब्ल्यू८८' ड्रायव्हरने यूएसबीवरील 'आरटीएल ८८२१ सीयू', 'आरटीएल ८८२२ बीयू' अशा चिप सांभाळायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडील कर्नल त्याहून जुने असेल, तर तेच डोंगल एका संगणकावर चालेल आणि दुसऱ्यावर नाही. मीडियाटेकच्या 'एमटी ७६१० यू' आणि 'एमटी ७६१२ यू' चिपना मात्र २०१८ च्या ४.१९ या कर्नलपासून स्थान आहे. वायफाय ६ साठी 'एमटी ७९२१ एयू' ५.१८ पासून चालते. मीडियाटेकने २०११ मध्ये विकत घेतलेल्या रॅलिंक कंपनीचीही लिनक्सशी जुनी सलगी होती. त्यामुळे डोंगल घ्यायचेच, तर मीडियाटेकचे शोधावे. ते दुकानात चटकन मिळत नाही आणि रिअलटेकहून थोडे महाग पडते, हे खरे. पण दोनशे रुपये वाचवून चार रविवार घालवण्यात हशील नाही.

खोक्यावर लिहिलेल्या '१५० एमबीपीएस' या आकड्याने हुरळून जाऊ नये. हा रेडिओचा कागदी वेग असतो. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी हाती लागतो. नखाएवढी डोंगले बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि शहरातील इमारतीत शेजारपाजारच्या सर्वांचे वायफाय त्याच लहरींवर गर्दी करून असते. ५ गिगाहर्ट्झही चालणारे डोंगल घेतल्यास ही कोंडी टळते. भिंती ओलांडताना मात्र ते लवकर दमते.

खरेदीपूर्वी घरी काय करावे?

नवे कार्ड घेण्याआधी संगणकात आहे ते कोणते, हे पाहावे. लिनक्सच्या काळ्या खिडकीत 'एलएसपीसीआय' आणि यूएसबीच्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' या आज्ञा दिल्यास जोडलेल्या उपकरणांची यादी येते. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहायच्या. पहिलीपुढे जागा सोडून आडवी रेघ आणि दोनदा 'एन' लिहिले, की प्रत्येक उपकरणाचा दुहेरी क्रमांकही दिसतो. त्यातला पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची ही आठवण गमतीदार खरी. वर उल्लेखलेल्या टीपी-लिंक डोंगलाची पहिली आवृत्ती अथेरॉसच्या क्रमांकाने ओळख देते, तर दुसरी टीपी-लिंकच्या स्वतःच्या २३५७ या क्रमांकाने. खोका एकसारखा असला तरी हा क्रमांक खरे सांगतो. तो शोधयंत्रात टाकला, की चिप, ड्रायव्हर आणि कोणत्या कर्नलपासून तो आहे, हे कळते.

विंडोज अजून काढले नसेल, तर त्याहून सोपा मार्ग आहे. लिनक्सची प्रत पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. काहीही न बसवता, आतील माहितीला धक्का न लावता लिनक्स चालवून पाहता येते. वायफाय जोडले जाते की नाही, हे दहा मिनिटांत कळते. हाच पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन दुकानात जाणारे ग्राहकही असतात. डोंगल तेथेच खोचून पाहू देणारा दुकानदार मिळाला, तर त्याला पाच-पन्नास रुपये जास्त द्यायला हरकत नाही. निदान 'लिनक्सवर न चालल्यास परत' एवढे बिलावर लिहून घ्यावे.

काही डोंगले खोचल्यावर वायफायऐवजी एखादी चकती जोडल्यासारखी दिसतात. आतमध्ये विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि तो आधी पुढे केला जातो. डोंगल बिघडलेले नसते. त्याला दुसऱ्या रूपात आणण्यासाठी 'यूएसबी मोडस्विच' नावाची आज्ञावली आहे आणि बऱ्याच लिनक्समध्ये ती सहज उपलब्ध असते.

आणि कार्ड चालेना, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही, अशी वेळ आलीच, तर खिशातील अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. लिनक्सला हा फोन तारेचे नेटवर्क कार्डच वाटतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर तोच वायफाय या तारेतून संगणकाला मिळतो आणि मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. काही घरांत नवे कार्ड येईपर्यंतचे चार दिवस यावर निघतात. काही घरांत ते आणायचे राहूनच जाते.